वादी अदाईची पाणपोई

मस्कतला जाणारी माणसं बॅगेत काय काय नेतात ते आता मला माहीत झालं आहे. भाजणी, गोडा मसाला, लोणच्याची बरणी, कुणाच्या तरी सासूबाईंची औषधं. मी दगड नेला.

काळ्या ग्रॅनाइटचा दगड, जेवायच्या पाटाएवढा. एक बाजू घासून चकचकीत केलेली आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं : ‘कै. मंदार याच्या स्मरणार्थ पाणपोई’. आईच्या जुन्या सुती साडीत तो गुंडाळला होता. मुंबईला विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी काढा. मी भाजणी काढली, लोणचं काढलं, स्वतःचे दोन ड्रेस काढले आणि सोडायला आलेल्या मावसभावाच्या हातात दिले. दगड तेवढा राहिला. मावसभाऊ माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की घरी जाऊन तो काय सांगणार हे मला तिथंच कळलं.

मंदार म्हणजे माझा दादा. मस्कतमध्ये अल् खुवैरला एका कंपनीत इंजिनिअर होता. निझवाच्या रस्त्यावर गाडीचा टायर फुटला आणि तो गेला. मी निघाले तो जानेवारी दोन हजार सहाचा, दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी बावीस वर्षांची होते. त्याच्याआधी माझा सगळ्यात लांबचा प्रवास कराड ते नागपूर.

दगडाचं कारण सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला आम्ही वेडे वाटू. आहोत थोडे, पण कारण आहे.

दादा गेल्यावर आई गप्प झाली आणि बाबा कामाला लागले. त्यांनी कॉलनीच्या बागेत बाक दिला, ‘कै. मंदार याच्या स्मरणार्थ’. वाचनालयाला घड्याळ दिलं, त्याच्या काचेवर तेच. शाळेला गणितातल्या पहिल्या नंबरासाठी चषक दिला. (दादाला गणितात कधी पहिला नंबर मिळाला नव्हता, पण हे बोलायची सोय नव्हती.) मारुतीच्या देवळाला पंखे दिले आणि पंख्यांच्या पात्यांवर नाव घातलं. आता पंखा चालू असताना पात्यावरचं काय दिसणार? पण तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग रोजचं. वीज गेली, पंखे हळूहळू थांबले, की डोक्यावर तीन ठिकाणी दादा. देवळातल्या बायका वर बघून ‘अरेरे’ म्हणायच्या आणि मी चपला घालून बाहेर पडायची.

गावभर तो असा लिहिलेला होता आणि घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. बाबा ‘त्याची खोली’ म्हणायचे, ‘त्याचं ते बँकेचं’ म्हणायचे. आई तेवढंही नाही. मी तर ते नाव तोंडाशी आलं की वाक्यच बदलायची. वर्षभर आम्ही तिघं एका सर्वनामावर जगत होतो.

मग मस्कतहून फोन आला. हमीदभाई नावाचे कुणी श्रीवर्धनचे गृहस्थ. त्यांचं तिकडे हार्डवेअरचं दुकान, दादाच्या कंपनीला माल पुरवायचे. त्यांनी सांगितलं की दादाच्या ऑफिसातल्या सलीम नावाच्या ओमानी मित्रानं वादी अदाईला आपल्या घराच्या भिंतीशी गार पाण्याचा कूलर बसवलाय, दादासाठी. येणाराजाणारा पाणी पितो. बाबांनी फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी पाटी करायला टाकली. त्यांचे गुडघे आणि रक्तदाब दोन्ही प्रवासाच्या विरोधात, आई तर उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. राहिले मी.

निघताना बाबांनी पाटी बसवण्याबद्दल सूचना दिल्या : डोळ्यांच्या उंचीवर, रस्त्याच्या बाजूला, स्क्रू नको, सिमेंटच. फोटो काढून आण, म्हणाले. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, “तिथलं पाणी पिऊन ये.”

अल हैल

मस्कतच्या विमानतळावर माझी बॅग बाजूला घेतली गेली, त्यात नवल नव्हतं. पांढऱ्याशुभ्र पायघोळ अंगरख्यातला, नक्षीदार टोपी घातलेला एक तरुण अधिकारी. त्यानं साडी उलगडली, दगड बघितला आणि हिंदीत विचारलं, “ये क्या है?”

“पत्थर.”

“वो देखा. क्या लिखा है?”

मी म्हटलं, “भाई का नाम.”

“भाई किधर है? बाहर खड़ा है?”

मी मान हलवली. त्याला काय समजायचं ते समजलं. त्यानं साडी दगडाभोवती परत गुंडाळली, मला जमल्या नव्हत्या अशा घड्या घातल्या, बॅगेची चेन स्वतः लावली आणि बॅग उचलून माझ्या ट्रॉलीवर ठेवली. वजनानं त्याचं तोंड थोडं वाकडं झालं.

मी उतरले होते सबनीस काका-काकूंकडे. काका दादाच्याच कंपनीत हिशेब बघायचे. माझा व्हिसाही त्यांनीच काढला. घर अल हैलला, समुद्राच्या जवळ. पांढरी घरं, पांढऱ्या भिंती, खजुरीची झाडं आणि रस्ते असे की त्यावर पोळी लाटावी. फक्त त्यांवर माणूस नाही. पहिल्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात चालत निघाले तर दोन गाड्या थांबल्या. एकीतल्या बाईनं विचारलं, गाडी बिघडली का? दुसरीतल्या आजोबांनी काही न विचारता मागचं दार उघडलं. कराडात चालणाऱ्याला गाडीवाले हॉर्न देतात; इथं चालणारा म्हणजे संकटात सापडलेला. मी दूध न घेताच परत आले. काकू हसून हसून खुर्चीत बसल्या.

काकू पुण्याच्या, बोलायला मोकळ्या, हाताला चव. सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली. पण त्यांच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण दादाबद्दल बोलायचा आणि ते ऐकवत नव्हतं. किती शांत, किती कष्टाळू, कधी कुणाला उलटून बोलला नाही. गेलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून इतका सद्गुणी होतो की त्याच्या बहिणीलाही तो ओळखू येत नाही. माझा दादा सायीचं दूध चोरून प्यायचा. फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या तोंड लावून संपवायचा आणि रिकाम्या बाटल्या परत आत ठेवायचा. त्यावरून आमची हाणामारीपर्यंत मजल जायची.

शेवटी खरं बोलली ती सबनीसांची सानिका. तेरा-चौदा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये. तिचं मराठी थांबत थांबत यायचं, पाण्यात पाय टाकून बघत उतरावं तसं. पाहुणे गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, मंदारकाका ना… म्हणजे I know असं बोलायचं नसतं. But he used to cheat. कॅरममध्ये. हाताने सोंगटी… ढकलायचा. Every single time.”

“राणी?”

“राणीच! आणि मग म्हणायचा, मी नाही, हवेने गेली.”

मी इतकी हसले की काकू आतून धावत आल्या. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला माझा दादा परत आणून दिला होता.

त्याच दिवशी दुपारी जेवताना माझा चमचा खाली पडला. उचलायला वाकले तर टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. नीट चौकोनी, कडा दाबलेल्या. मला कुणी सांगायची गरज नव्हती. दादाला डुगडुगणारं टेबल चालायचंच नाही. मिसळ खायला गेलो की मिसळ निवत राहायची आणि हा टेबलाखाली. एसटीचं तिकीट, माचिसचा खोका, माझ्या परीक्षेचं हॉल तिकीटसुद्धा एकदा घडी होऊन पायाखाली गेलं होतं. आमच्या घरात एकही टेबल, कपाट, स्टूल असं नाही ज्याच्या खाली त्याची घडी नाही.

मी टेबलाखालून लवकर वर येईना, तसं काकूंनी वाकून बघितलं.

“फरशी पुसताना निघते गं ती,” त्या हळूच म्हणाल्या. “मी परत लावते.”

मग आम्ही दोघी टेबलाखाली बसून रडलो. वर सुरमई गार झाली.

वादी अदाई

हमीदभाई मला न्यायला आपली पिकअप घेऊन आले. बुटके, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात चार पेनं. दार उघडता उघडताच बोलायला लागले, “तू मंदारची भयण ना गो? सांगायला नको, नाकावरनंच कळला. बस, बस. पाटी खंय हाय? मागे ठेवू नको, फुटंल. मांडीवर घे.”

श्रीवर्धन सोडून त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडातलं श्रीवर्धन जागचं हललं नव्हतं. मांडीवर दगड घेऊन मी मस्कत पाहिलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. आणि डोंगर असे की त्यांवर गवताची काडी नाही. आपल्या सह्याद्रीला उन्हाळ्यातही चार करवंदीच्या जाळ्या असतात. हे डोंगर नुसते तपकिरी, नागडे. पहिल्यांदा उदास वाटलं. मग वाटलं, निदान ढोंग तरी नाही. माझ्या तेव्हाच्या मनःस्थितीला ते डोंगर बरे होते.

वादी अदाई त्या डोंगरांच्या बेचक्यात आहे. दाटीनं बांधलेली घरं, किराणा दुकानं, चहाची टपरी, ट्रकची वाट बघत उभे असलेले निळ्या कपड्यांतले कामगार. सलीमचं घर रस्त्याला लागूनच. भिंतीबाहेर पत्र्याच्या सावलीत स्टीलचा कूलर, तीन नळ, साखळीला बांधलेला पेला. दोघंतिघं पाणी पीत होते. कुठंही नाव नव्हतं. कूलरवर नाही, भिंतीवर नाही. मी दोन्ही बाजूंनी बघितलं.

हमीदभाई म्हणाले, “पी ना पाणी.”

मी म्हटलं, “पाटी लागल्यावर पिईन.” माझ्या डोक्यात तसंच ठरलं होतं. आधी नाव, मग पाणी.

सलीम चाळिशीचा, उंच, हळू बोलणारा. कंपनीची सरकारी कचेऱ्यांमधली कामं तो करायचा. मला बघून तो क्षणभर थांबला. “सेम सेम फेस,” म्हणाला. आत गालिच्यावर बसवलं. खजूर आले, केशराचा तूप सुटलेला हलवा आला, आणि बिनदुधाचा, वेलचीचा वास येणारा कडू काहवा, म्हणजे तिकडची कॉफी. इवलासा पेला रिकामा झाला की सलीम भरायचा. नाही म्हणणं वाईट दिसेल म्हणून मी पीत राहिले. सहाव्या-सातव्या पेल्याला हमीदभाईंना माझी दया आली.

“अगो, पेला हलव. असा. नायतर तो मगरीबच्या नमाजापर्यंत ओतत राह्यल.”

मी सलीमला विचारलं की पाण्याचंच त्याला कसं सुचलं. तर म्हणाला, “मंदार पानी बहुत पीता था. गाड़ी में चार बोतल रखो, फिर भी बोलता, सलीम, पानी. मेरा बोतल भी पीता. खाली करके वापस रखता.” आणि रिकामी बाटली परत ठेवल्याचा अभिनय केला. हा माणूस खोट्या मंदारबद्दल बोलत नव्हता.

मग मी साडी उलगडली. सलीमनं दगड बघितला, अक्षरांवर हात ठेवला. मी सांगितलं की बाबांनी पाठवलाय, भिंतीवर लावायचा आहे. तो हसला. तोंडानं म्हणाला, “इन्शाल्ला. देखेगा. इन्शाल्ला.” आणि परत काहवा ओतायला लागला.

परतीच्या वाटेवर दगड पुन्हा माझ्या मांडीवर होता.

“तो नाय म्हणाला,” हमीदभाई समोर बघत म्हणाले.

“कुठं? इन्शाल्ला म्हणाला.”

“तेच गो. तू पावणी, तुझ्या तोंडावर तो ‘नाय’ बोलणार नाय. पण हयां नाव नाय लावत. दिला म्हंजे दिला, खलास. नाव लावला की तो माणसांना दाखवायला झाला. मग मंदारला काय पोचला त्यातला?”

मी चिडले. ज्याच्यावर चिडावं असं कुणी नव्हतं हे कळत होतं, तरी चिडले. इतका लांब दगड वाहून आणलाय, घरी बाबा फोनपाशी बसलेत, आणि इथं कुणाला माझ्या भावाचं नाव नको.

संध्याकाळी बाबांचा फोन आलाच. “बसली का पाटी?”

“शुक्रवारी बसेल,” मी म्हटलं. सलीमनं शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं.

“डोळ्यांच्या उंचीवर सांग.” मागून आईचा आवाज आला, “पाणी प्यायली का विचारा.” मी ऐकलंच नाही असं केलं.

मत्रा

मधले दिवस काकूंनी मला फिरवलं. मत्राच्या बंदराला अर्धगोल रस्ता आहे, समुद्राच्या कठड्याकडेनं. मासळीबाजारात ट्यूना असे पडलेले की आपल्याकडे त्यांच्यावर पोरं बसवून फोटो काढतील. जुन्या बाजारात लोबानाचा धूर, चांदीचे दागिने आणि ‘देखो दीदी, देखो’ म्हणणारे दुकानदार. मी आईसाठी लोबान घेतला. सानिकानं मला तिथं शोरमा खायला घातला आणि वरून समजावलं की हातातनं गळू न देता खाणाऱ्याला शोरमा खाताच येत नाही.

निझवाचा किल्ला फार सुंदर आहे म्हणतात. तो मी पाहिला नाही. काकांनीही विषय काढला नाही.

पुन्हा वादी अदाई

शुक्रवारी हमीदभाई तयारीनं आले होते. पिकअपमध्ये सिमेंटची अर्धी गोणी, घमेलं आणि थापी. “नाय लावला तर परत नेऊ,” म्हणाले, “पण आपल्याकडनं कमी नको.”

अंगणातच एका मोठ्या ताटाभोवती बसवलं. वाळवलेलं काळं लिंबू घातलेला मटणभात, जेवताना बोटांना चटके बसत होते. या वेळी सलीमची आईही होती. सुरकुतलेली, तळहातांवर मेंदी, डोळे फार हलणारे. तिला अरबीशिवाय काही येत नव्हतं, मला अरबी सोडून सगळं. सलीम मध्ये बसून आमच्या दोघींचं बोलणं इकडून तिकडे नेत होता.

तिनं विचारलं, दगड कशाला आणला? मी सांगायला लागले आणि कसं कोण जाणे, सगळंच सांगितलं. बाक, घड्याळ, चषक, शेवटी पंखे. पंख्यांचं सलीमला समजेना. “पंखा घूमेगा तो नाम कैसे दिखेगा?”

“लाइट जाने का,” मी म्हटलं. “हमारे उधर रोज जाता है.”

सलीमनं ते आईला सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ते हसणं राहिलं नाही, आणि मला दिसलं की माझंही राहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिनं मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. तिथं बोराच्या झाडाला दोरीनं टांगलेला एक मातीचा रांजण होता, बाहेरून पाझरून ओला झालेला. कूलर, वीज काही नव्हतं तेव्हापासूनचा. सलीमनं सांगितलं, तिची मुलगी लहानपणी तापानं गेली, तिच्यासाठी टांगलेला. फुटला की नवा आणते. रोज सकाळी स्वतः भरते.

“इसपे भी नाम नहीं?” मी विचारलं.

सलीमनं विचारलं. म्हातारीनं रांजणावर ओला हात फिरवला आणि म्हणाली, “शमसा.”

“भरते टाइम बोलती है,” सलीम म्हणाला. “रोज.”

मग तिनं माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि काही विचारलं. सलीमला समजावायची गरज पडली नाही.

“मंदार,” मी म्हटलं. नीट, मोठ्यानं. तिनं ते दोनतीनदा म्हणून पाहिलं, “मंदर… मंदार,” आणि जमल्यावर मान डोलावली.

बाहेर आलो तेव्हा सलीमनं दगडावरची साडी बाजूला केली. “तुम्हारा बाबा बोला है,” तो म्हणाला. “बाबा का बात ऊपर. लगाओ.” त्यानं स्वतःच भिंतीवर खडूनं जागा आखली, रस्त्याच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. पाहुण्यासाठी स्वतःची रीत मोडायला तो निघाला होता आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता. हमीदभाई सिमेंटमध्ये पाणी ओतायला लागले. माझ्या मनासारखं झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

मी तोंड फिरवून कूलरकडे गेले. आईचं काम तरी करून टाकू. साखळीचा पेला धरला, नळ दाबला आणि कूलर पुढं कलला. पाणी पेल्यात पडायच्या ऐवजी माझ्या सलवारीवर.

शेजारी उभा असलेला कामगार म्हणाला, “ऐसे नहीं दीदी. घुटना लगाओ इसको. हिलता है.” त्यानं गुडघा टेकवून दाखवला. त्याच्यामागच्यानंही तसाच टेकवला. सगळे तसंच पीत होते. चौथऱ्याची एक बाजू खचली होती आणि कूलरचे दोन पाय अर्धवट हवेत होते.

दादाचा कूलर डुगडुगत होता.

मी तिथंच बसले, खाली वाकून बघितलं, हातानं फट मोजली. दोन बोटं. मग वळून हमीदभाईंना ओरडले, “थांबा! भिंतीवर नको. खाली घाला.”

“खाली खंय?”

“कूलरच्या पायाखाली. हलतोय तो.”

हमीदभाई थापी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “अगो, तुजा बापूस काय म्हणंल? नाव झाकला जायल.”

“हिंदीत सांगा त्यांना,” मी म्हटलं, कारण मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं होतं. हमीदभाईंनी सांगितलं. सलीम आधी गोंधळला, मग त्याला आठवलं. “एय!” तो म्हणाला. “ऑफिस में भी! मेरा टेबल के नीचे भी!” आणि त्यानं पायघोळ अंगरखा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

पाणी प्यायला आलेल्यांनीच कूलर उचलला. यल्ला, यल्ला, धीरे, धीरे. हमीदभाईंनी खचलेल्या बाजूला सिमेंट पसरलं, सलीमनं आणि मी दगड धरून त्यावर ठेवला, अक्षरं वर. कूलर खाली आला. दोन पाय दगडाच्या दोन टोकांना, मधे अंधारात दादाचं नाव, वर पाणी. ना कुणाचा पाय लागेल, ना कुणाला दिसेल. सिमेंट वाळेपर्यंत कुणी हात लावू नका, असं हमीदभाईंनी सगळ्यांना बजावलं, आणि आम्ही काहवा पीत बसून राहिलो. मी पेला हलवला नाही.

ऊन कलल्यावर सलीमनं मला आधी बोलावलं. मी नळ दाबला. कूलर जागचा हलला नाही. पाणी असं गार की दातांतून कळ गेली. मी एक पेला प्यायले, आईच्या नावानं आणखी एक. आणि मग दादासारखं, रिकामा पेला तसाच साखळीला सोडून दिला.

कराड

बाबा विमानतळावर आले नव्हते, पण एसटी स्टँडवर आले होते, गुडघे दुखत असताना. घरी आल्या आल्या म्हणाले, फोटो. रोल धुवून यायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी त्यांना काही सांगितलं नाही. धीर होत नव्हता.

फोटो आले तसे ते जेवायच्या टेबलावर घेऊन बसले. चष्मा लावून एक एक बघितला. कूलर, कूलरसमोर कामगार, कूलरशेजारी सलीम, सलीमची आई, हमीदभाई. पुन्हा पहिल्यापासून बघितले. आई आत स्वयंपाकघरात होती, मी तिला पाण्याचं आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, आणि तिनं “इतकं गार?” असं दोनदा विचारलं होतं.

“पाटी कुठाय?” बाबा म्हणाले.

“खाली आहे.”

“खाली म्हणजे?”

“कूलरच्या पायाखाली. चौथरा खचला होता, बाबा. कूलर डुगडुगत होता. लोक गुडघा टेकवून पाणी पीत होते.”

मला वाटलं आता बाबा ओरडतील, किंवा त्याहून वाईट, उठून जातील. त्यांनी फोटो गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. मग खाली वाकले. गुडघ्यांमुळे त्यांना वाकायला वेळ लागला. आमच्या टेबलाच्या पायाखाली एसटीच्या तिकिटांची घडी आहे, ती त्यांनी बोटानं दाबून बघितली.

वर आले तेव्हा चष्मा नाकावर घसरला होता. “आता हलत नाही ना?” त्यांनी विचारलं.

“अजिबात नाही.”

ते स्वयंपाकघराकडे वळले. “अगं, ऐकलंस का? मंदारनं तिथंही घडी घातली.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली, हात ओले तसेच.

“कुणी?” ती म्हणाली.

“मंदारनं,” बाबा म्हणाले. “आपल्या मंदारनं.”